पिग्मीच्या ॲपमधलं मिडलवेअर: काय आत, काय बाहेर

मिडलवेअर, म्हणजे सर्व्हरवर आलेली रिक्वेस्ट मुख्य कामापर्यंत पोचायच्या आधी वाटेत बघणारा कोड, कसं लिहायचं हे शिकायला पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो तो कुठलं मिडलवेअर कुणाच्या आधी लावायचं यात, आणि त्याहून जास्त, कुठली गोष्ट तिथं ठेवायचीच नाही हे ठरवण्यात. त्यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. बेळगावातल्या एका सौहार्द सहकारी सोसायटीचं पिग्मी कलेक्शनचं ॲप मी सांभाळते, त्यामुळे उदाहरणं सगळी तिथलीच येणार.

लांबच्या वाचकांसाठी एवढंच सांगते: पिग्मी म्हणजे रोजची बारीक बचत. एजंट दुकानोदुकानी फिरून पन्नास, शंभर, पाचशे रुपये गोळा करतो आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर चढवतो. पुढं सिंडिकेट बँक या नावानं ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ साली ही पद्धत सुरू केली, आणि आमच्याकडं आजही खडेबाजारापासून निपाणीच्या बाजारपेठेपर्यंत ती चालू आहे. फरक इतकाच की एजंटच्या हातातल्या पासबुकाच्या जागी आता मोबाइल आलाय. त्यानं रक्कम टाकून बटण दाबलं की रिक्वेस्ट निघते, आधी एनजिनएक्सकडं (दारात उभा राहून रिक्वेस्ट आत पाठवणारा सर्व्हर) येते आणि तिथून आमच्या नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) सर्व्हरवर. सर्व्हर एक्स्प्रेस या नोडवरच्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलाय.

एक्स्प्रेसमधलं मिडलवेअर म्हणजे तीन गोष्टी घेणारं साधं फंक्शन: आलेली रिक्वेस्ट, जाणारा रिस्पॉन्स आणि ‘नेक्स्ट’ नावाचं आणखी एक फंक्शन. आत काय करायचं ते तुमच्यावर. स्वतःच उत्तर देऊन विषय संपवा, नाहीतर नेक्स्ट बोलावून पुढच्याकडं सोपवा, नाहीतर नेक्स्टच्या हातात एरर देऊन सरळ एरर सांभाळणाऱ्याकडं पाठवा. तिन्हीपैकी काहीच केलं नाही तर रिक्वेस्ट तिथंच लटकते. एजंटच्या स्क्रीनवर गोल फिरत राहतो, आणि एनजिनएक्सची मुळातली ६० सेकंदांची मुदत संपली की ५०४, म्हणजे ‘वेळेत उत्तर आलं नाही’, येतो.

सोसायटीत पैसे काढायची स्लिप दिली की ती आधी सही जुळवणाऱ्याकडं जाते, मग लेजरवाल्याकडं, मग पास करणाऱ्या अधिकाऱ्याकडं आणि शेवटी कॅशियरकडं. ‘सही जुळत नाही’ म्हणून पहिल्याच टेबलावरून परत आली तर अशी स्लिप आली होती हे कॅशियरला कळतसुद्धा नाही. इथंही तसंच. राउट, म्हणजे त्या त्या पत्त्यावर आलेलं काम प्रत्यक्ष करणारा कोड, हा इथला कॅशियर. त्याच्यापर्यंत जे पोचलंय ते तपासून आलंय, या भरवशावर तो काम करतो.

ही कल्पना काही एक्स्प्रेसची नव्हे. पायथनमध्ये २००३ साली डब्ल्यूएसजीआय ठरलं, २००७ मध्ये रुबीत रॅक आलं, २०१० मध्ये नोडसाठी कनेक्ट आलं आणि एक्स्प्रेस सुरुवातीला त्याच कनेक्टवर उभं होतं. लाराव्हेल, डॉटनेट कोअर, जँगो अशा दुसऱ्या फ्रेमवर्कांतही सगळीकडं हेच आहे, फक्त लिहायची तऱ्हा वेगळी.

माझा मामेभाऊ इथंच इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक राउटच्या सुरुवातीला टोकन (लॉगिननंतर मिळणारी ओळखचिठ्ठी) तपासणाऱ्या त्याच सात-आठ ओळी चिकटवलेल्या. मी विचारलं, हे काय करायलायस? तर म्हणतो, “अक्का, चालतंय की! मग कशाला बदलायचं?” मी त्याला सगळे राउट एकेक करून वाचायला लावले. रिपोर्टची पीडीएफ देणाऱ्या राउटमध्ये त्या ओळी नव्हत्याच. लिंक ज्याला माहीत त्याला रिपोर्ट मिळणार. मिडलवेअरचा पहिला फायदा हाच: तपासणी विसरायची सोयच राहत नाही. राउटरच्या वर एकदा लावली की खाली येणारा प्रत्येक राउट तिच्यातूनच जातो, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी लिहिलेला राउटसुद्धा.

मग त्यानं ते केलं आणि ब्राउझरमध्ये सीओआरएसची (एका साइटच्या पानाला दुसऱ्या डोमेनवरच्या सर्व्हरशी बोलू द्यायचं का, या नियमांची) एरर यायला लागली. पोस्टमनमध्ये (हातानं रिक्वेस्ट पाठवून बघायचं ॲप) चालतंय आणि ब्राउझरमध्ये नाही, म्हणून वैतागला. कारण क्रमात होतं. दुसऱ्या डोमेनवरच्या सर्व्हरला टोकनचा हेडर (रिक्वेस्टच्या माथ्यावरची माहितीची ओळ) पाठवायचा असला की ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ प्रकारची चौकशीची रिक्वेस्ट पाठवतो, आणि तिच्यात टोकन नसतं. टोकन तपासणारा वर बसला असेल तर तो या चौकशीलाच ४०१ (ओळख पटली नाही) देऊन हाकलतो. सीओआरएसवाला त्याच्या वर नेला आणि प्रश्न मिटला. पोस्टमन असली चौकशी करतच नाही, म्हणून तिथं सगळं ठीक दिसत होतं.

आता आमच्याकडचा क्रम सांगते. सगळ्यात वर प्रत्येक रिक्वेस्टला एक क्रमांक देणारा आणि लॉग लिहिणारा. मग सुरक्षेचे हेडर लावणारा. मग वेगमर्यादा, म्हणजे एकाच ठिकाणाहून मिनिटाला किती रिक्वेस्ट घ्यायच्या ते बघणारा. त्यानंतर जेसन (ॲप ज्या साच्यात माहिती पाठवतं तो) वाचणारा, मग अंक सारखे करणारा, भाषा ठरवणारा, टोकन तपासणारा आणि शाखेचा अधिकार बघणारा. खाली राउट. राउटच्याही खाली ४०४ देणारा, आणि अगदी तळाला एरर सांभाळणारा.

लॉग सगळ्यात वर का? टोकनवरून परत गेलेल्या रिक्वेस्टचीही नोंद हवी म्हणून. कुणी रात्री दोन वाजता लॉगिन करून बघतोय हे लॉगमध्ये दिसलं पाहिजे. वेगमर्यादा जेसनच्या आधी का? ज्याला परतच पाठवायचंय त्याचा मजकूर वाचण्यात सर्व्हरचा वेळ कशाला घालवायचा. जेसन वाचणाऱ्याची मुळातली मर्यादा १०० केबी आहे आणि मी ती वाढवलेली नाही. पिग्मीच्या नोंदीला दोन केबीसुद्धा लागत नाहीत.

वेगमर्यादेवर जरा थांबायला हवं, कारण इथं भल्याभल्यांची गाडी अडते. एक्स्प्रेस एनजिनएक्सच्या मागं असला की त्याला प्रत्येक रिक्वेस्ट एनजिनएक्सकडूनच आलेली दिसते. म्हणजे खानापूरचा एजंट, निपाणीचा एजंट आणि शहापूर शाखेचा क्लार्क या सगळ्यांचा पत्ता एकच: १२७.०.०.१. वेगमर्यादा मग सगळ्या जिल्ह्याला एकच माणूस समजून अडवणार. त्यासाठी ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ नावाची सेटिंग आहे. बरेच जण ती नुसती ‘ट्रू’ करून मोकळे होतात. तसं केलं की एक्स्प्रेस फॉरवर्डेड-फॉर हेडरमधला (रिक्वेस्ट कुठून कुठून आली त्या पत्त्यांची यादी) सगळ्यात डावीकडचा पत्ता खरा मानतो, आणि तो पत्ता पाठवणारा मनाला येईल तो लिहू शकतो. आमच्यापुढं एकच एनजिनएक्स आहे, म्हणून तिथं १ हा आकडा ठेवलाय: एकाच टप्प्यावर विश्वास.

एवढं करूनही मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरून एकाच पत्त्यानं दाखवतात. त्यामुळे पत्त्यावरची मर्यादा सैल ठेवलीय, आणि घट्ट मर्यादा टोकन तपासल्यानंतर एजंटच्या नावावर लावलीय. एकच काम दोन ठिकाणी, पण त्याला इलाज नाही. वर असताना माणूस कोण ते माहीत नसतं, आणि माणूस कळेपर्यंत थांबलं तर लॉगिनवरच कुणीही धडका मारत बसेल.

आता अंक. हा खास आमच्या भागातला मामला. रकमेचा रकाना साधा मजकुराचा आहे. एजंटांपैकी काहींच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड, काहींच्या कन्नड. कुणी ‘५००’ देवनागरीत टाकतो, कुणी कन्नड अंकांत, कुणी इंग्रजीत. पायथनला देवनागरीतलं ५०० दिलं तर तो निमूटपणे पाचशे समजतो, कन्नड अंकही समजतो. जावास्क्रिप्टला दिलं तर ‘हा आकडाच नाही’ म्हणून हात वर करतो. मग एजंटला स्क्रीनवर समोर ढळढळीत ५०० दिसतंय आणि ॲप म्हणतंय रक्कम योग्य नाही. माणूस चिडणार नाही तर काय!

म्हणून जेसन वाचल्यानंतर आणि रक्कम तपासायच्या आधी एक छोटं मिडलवेअर आहे. युनिकोडमध्ये देवनागरीचे दहा अंक २४०६ पासून २४१५ पर्यंत ओळीनं बसलेत आणि कन्नडचे ३३०२ पासून ३३११ पर्यंत. पहिला क्रमांक वजा केला की अंक हातात. दहा-बारा ओळींचं काम. सगळ्या रकान्यांवर मात्र ते चालवत नाही, फक्त रक्कम, खाते क्रमांक, मोबाइल आणि पिन कोड एवढ्यांवर. गिऱ्हाइकाचं नाव आणि शेरा जसा लिहिला तसाच राहतो. पासवर्डला तर हातच लावायचा नाही. कुणी पासवर्डात मुद्दाम देवनागरी अंक घातले असतील आणि नोंदणीच्या राउटवर हे मिडलवेअर नसेल, लॉगिनच्या राउटवर असेल, तर तो माणूस जन्मात लॉगिन करू शकणार नाही, आणि का ते कुणाला सापडणारही नाही.

भाषेचा गुंता याहून मजेशीर. बाहेरची ट्युटोरिअलं सांगतात की ब्राउझर ‘ॲक्सेप्ट लँग्वेज’ हेडर पाठवतो, त्यावरून भाषा ठरवा. इथं त्यावर विसंबून चालत नाही. टिळकवाडीतला माणूस मोबाइल इंग्रजीत ठेवतो, व्हॉट्सॲप मराठीत करतो आणि सरकारी कागद कन्नडमधून भरतो. त्याच्या हेडरमध्ये बहुतेक वेळा नुसतं इंग्रजी असतं. त्यामुळे आमच्याकडं पहिला मान त्यानं खात्यात निवडलेल्या भाषेला, मग कुकीला (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद), आणि हेडर सगळ्यात शेवटी.

पण खात्यातली भाषा कधी कळते? टोकन तपासल्यावर. आणि टोकनच संपलेलं असेल तर ‘पुन्हा लॉगिन करा’ हा निरोप कुठल्या भाषेत द्यायचा? भाषा टोकनच्या आधी ठेवली तर खातं माहीत नाही, नंतर ठेवली तर टोकनची एरर मुकी. यावर पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी असं केलं की भाषेचं मिडलवेअर वरच राहील आणि कुकी-हेडरवरून तात्पुरता अंदाज बांधेल. टोकन पास झालं की टोकन तपासणाराच खात्यातली भाषा त्यावर चढवेल, आणि तीच कुकीत पण लिहून ठेवेल. पुढच्या वेळी टोकन संपलं तरी कुकी असते. नव्या मोबाइलवर पहिल्यांदा उघडताना तेवढा इंग्रजी निरोप दिसतो. तेवढं चालतं.

हे जमल्यावर सोसायटीतून मागणी आली की पावतीही तशीच भाषेप्रमाणं निघू दे. मोह झाला होता. भाषा रिक्वेस्टवर आहेच, पावतीच्या टेम्प्लेटला दिली की झालं. पण पावती कुणाची? गिऱ्हाइकाची. रिक्वेस्ट कुणाची? एजंटची. एजंट कन्नड वाचणारा आणि शहापुरातली साडीवाली मावशी मराठी वाचणारी, असं आमच्याकडं रोजचं आहे. उलटंही तितकंच. एजंटच्या स्क्रीनची भाषा ही रिक्वेस्टची गोष्ट, पावतीची भाषा ही खात्याची गोष्ट. ती डेटाबेसमधल्या गिऱ्हाइकाच्या नोंदीत आहे आणि पावती बनवणाऱ्या कोडनं ती तिथूनच घ्यायची. मिडलवेअरला रिक्वेस्ट माहीत असते. गिऱ्हाईक, खातं, व्याज, मुदत हे त्याला माहीत नसावं. तिथं ते घुसलं की सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही की ही पावती कन्नडमध्ये का आली.

शाखेच्या अधिकाराचंही अर्धं आत, अर्धं बाहेर आहे. ‘हा माणूस एजंट आहे का, आणि कुठल्या शाखेचा’ हे मिडलवेअर बघतं. ‘हे खातं त्याच्या शाखेचं आहे का’ हे खातं उघडणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बघते, कारण खातं हातात आल्याशिवाय ते कळत नाही. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएस या फ्रेमवर्कमधली (वरच्या ‘नेक्स्ट’ फंक्शनशी याचा संबंध नाही) सुरक्षेतली एक भेग बाहेर आली, तेव्हा हे किती गरजेचं आहे ते सगळ्या जगाला दिसलं. नेक्स्ट जेएस स्वतःच्या आतल्या कामासाठी एक हेडर वापरत होतं, मिडलवेअरनं पुन्हापुन्हा स्वतःलाच बोलावू नये म्हणून. तोच हेडर बाहेरून कुणी पाठवला तर सर्व्हर मिडलवेअर पूर्ण गाळून थेट पानावर जायचा. गंभीरता १० पैकी ९.१ ठरवली गेली, आणि १४.२.२५ व १५.२.३ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. ज्यांनी लॉगिनची तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये ठेवली होती त्यांची दारं सताड उघडी होती. ज्यांची क्वेरीसुद्धा मालक विचारत होती त्यांचं फारसं बिघडलं नाही.

परतीच्या वाटेबद्दल थोडं. जँगो, कोआ, डॉटनेट यांत रिक्वेस्ट वरून खाली जाते आणि रिस्पॉन्स त्याच थरांतून खालून वर येतो. त्यामुळे एकच फंक्शन जाताना घड्याळ लावतं आणि येताना बघतं. जँगोच्या १.१० आवृत्तीआधी, म्हणजे २०१६ च्या आधी, एखाद्या मिडलवेअरनं मध्येच उत्तर दिलं तरी परतीला सगळ्यांनाच बोलावलं जायचं, ज्यांनी ती रिक्वेस्ट पाहिलीच नाही त्यांनासुद्धा. आता जेवढ्यांतून आत गेली तेवढ्यांतूनच बाहेर येते. एक्स्प्रेसमध्ये अशी परतीची वाट नाही. नेक्स्ट बोलावला की तो पुढं जातो, आणि डेटाबेसचं उत्तर यायच्या आधीच नेक्स्टच्या खालची ओळ चालून मोकळी होते. वेळ मोजायचा तर रिस्पॉन्सच्या ‘फिनिश’ घटनेवर कान ठेवायचा. नवीन मुलं नेक्स्टच्या खाली वेळ छापतात आणि ‘आमचा सर्व्हर एका मिलिसेकंदात उत्तर देतो’ म्हणून खूश होतात.

एरर सांभाळणाऱ्याचं एक खूळ आहे. त्याला चार गोष्टी घ्याव्या लागतात, आणि चौथी वापरायची नसली तरी लिहावीच लागते, कारण एक्स्प्रेस फंक्शनला किती गोष्टी लागतात ते मोजूनच त्याला ओळखतो. तीनच लिहिल्या तर तो साधा मिडलवेअर समजला जातो आणि एरर आली की वगळला जातो. आणि एक्स्प्रेस ४ मध्ये असिंक (उत्तराची वाट बघणाऱ्या) फंक्शनच्या आतली न पकडलेली एरर या माणसापर्यंत पोचतच नाही. नोड १५ पासून तर अशा एररनं सगळी प्रोसेसच बंद पडते. २०२४ मध्ये आलेल्या एक्स्प्रेस ५ नं हे सुधारलं. फक्त त्यासाठीसुद्धा ५ वर जावं, असं माझं मत.

पेमेंट कंपनीचा वेबहूक मात्र या सगळ्या रांगेच्या बाहेर आहे. यूपीआयनं पैसे आले की ती कंपनी आमच्या सर्व्हरला निरोप पाठवते आणि सोबत त्या मजकुराची सही. सही मूळ बाइट्सवर केलेली असते. जेसन वाचणाऱ्यानं मजकूर उलगडला आणि आपण पुन्हा गुंडाळून सही मोजली तर एखादी मोकळी जागा इकडंतिकडं झाली तरी जुळत नाही. म्हणून तो राउट जेसन वाचणाऱ्याच्या वर, स्वतःचा कच्चा मजकूर घेऊन बसलाय. टोकनही त्याला लागू नाही. सही हेच त्याचं टोकन.

आणि शेवटी दुहेरी नोंद. जांबोटी, कणकुंबीकडं नेटवर्क येतंजातं. एजंटनं बटण दाबलं, सर्व्हरनं शंभर रुपये चढवले, पण उत्तर परत जायच्या आत रेंज गेली. एजंट काका पुन्हा बटण दाबणार. कोण नाही दाबणार? म्हणून ॲप प्रत्येक नोंदीला मोबाइलवरच एक वेगळी किल्ली बनवतं आणि पुन्हा पाठवताना तीच पाठवतं. सर्व्हरनं ओळखायचं की हे आधीचंच आहे, आणि नवी नोंद न करता जुनाच पावती क्रमांक द्यायचा.

मामेभाऊ म्हणाला, “ह्यासाठी तयार मिडलवेअर मिळतंय की अक्का, रेडिसमध्ये किल्ली ठेवायची, झालं.” मिळतं. रेडिस म्हणजे मुख्य डेटाबेसबाहेरची झटपट साठवणीची जागा. दिसायलाही हे मिडलवेअरचंच काम दिसतं: राउटच्या आधी किल्ली बघा, असेल तर जुनं उत्तर द्या. पण किल्ली रेडिसमध्ये आणि रक्कम डेटाबेसमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणी दोन नोंदी. आधी किल्ली लिहिली आणि रक्कम चढायच्या आत सर्व्हर पडला, तर पुन्हा आलेल्या काकांना ‘झालंय’ सांगितलं जाणार आणि पैसे चढलेलेच नसणार. आधी रक्कम चढवली आणि किल्ली लिहायच्या आत पडला, तर दोनदा चढणार. किल्ली आणि रक्कम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गेली पाहिजेत, झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. आणि ट्रान्झॅक्शन उघडतं ते राउटच्या आत, खातेवहीच्या कोडमध्ये. बाहेर उभ्या मिडलवेअरला त्यात शिरता येत नाही. म्हणून आमच्याकडं किल्लीचा रकाना खातेवहीच्याच टेबलात आहे, एकदाच येऊ शकेल अशी अट घालून. दुसऱ्यांदा आली की डेटाबेसच अडवतो आणि कोड जुनी पावती शोधून देतो. मिडलवेअर फक्त एवढंच बघतं की किल्ली आलीय का. नसेल तर ४०० (रिक्वेस्ट चुकीची).

भावाच्या प्रोजेक्टमध्ये पैशाचा व्यवहार नाही, तक्रारींचा फॉर्म आहे. त्यानं ते रेडिसवालं पॅकेज खुशाल लावावं. तक्रार दोनदा आली तर फार तर कुणीतरी दोनदा वाचेल.